मामांचं देखणं अक्षर

आमच्या अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांइतकं देखणं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि ते कुणालाही वाचता येत नसे. हे सासूबाईंचे थोरले भाऊ. आमच्या ह्यांचे मामा, म्हणून माझेही मामाच. अलिबागच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले आणि पनवेलला आमच्याच आळीत दोन खोल्या घेऊन राहिले. मामी आधीच गेल्या होत्या, एकुलता एक मुलगा नागपूरला नोकरीला होता. त्यामुळे मामांचा दिवस आमच्याकडेच उगवायचा. चालताना ते वहाणा जमिनीवरून उचलत नसत. त्या फरफटत येत, आणि तो आवाज आळीच्या तोंडाशी ऐकू आला की सासूबाई आतूनच ओरडत, "दादा आला, आधण ठेव." बोलायला लागले की पनवेलच्या बाजारातल्या वांग्यांपासून निघून एका दमात अलिबागच्या कलेक्टरसाहेबांपर्यंत पोचत, मध्ये 'हो' म्हणायला फट सापडली तर ती ऐकणाऱ्याची हुशारी. दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालासुद्धा त्यांची ताकीद असे, "वस्तरा एकदा टेकवलास की उचलू नकोस." त्या बिचाऱ्यानं एकदा ते मनावर घेतलं, आणि मामांची डावी मिशी पुढे पंधरा दिवस उजवीपेक्षा आखूड राहिली.

ह्या सगळ्याचं मूळ त्यांच्या उजव्या हातात होतं. मामा मोडी लिहीत. आताच्या मुलांना हे सांगायला हवं, की पुस्तकात छापतात ती सुटी, सरळ उभी अक्षरं म्हणजे बाळबोध, आणि कचेरीत भराभर लिहायची ती मराठीचीच धावती लिपी म्हणजे मोडी. आधी कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं एकमेकांत गुंतवत पळत सुटायचं. शब्द कुठे संपला ते सांगायचं नाही, वाक्य कुठे संपलं ते तर नाहीच. "लिहिताना हात उचलला की विचार गळतो," असं मामा म्हणत. बाळबोध लिहिणाऱ्यांची त्यांना कीव येई. "अहो, नावातच आहे, बाळांना बोध व्हावा म्हणून! मोठ्या माणसानं बाळबोधीत लिहिणं म्हणजे मिशा फुटल्यावर झबलं घालून कचेरीत जाणं." हाताला इतकी सवय, की टाक नसला तरी बोट चालूच. बोलताना मांडीवर लिहीत, जेवताना ताटातल्या आमटीत लिहीत. एकदा मी भाकरीसाठी परातीत पीठ काढून पाणी आणायला गेले, तेवढ्यात त्यांनी त्या पिठात मामलेदाराला एक अख्खा अर्ज लिहून ठेवला. मी पाणी ओतून तो मळून टाकला तर म्हणाले, "सूनबाई, सही व्हायची होती अजून."

अक्षर देखणं होतं, हे मी शत्रू असूनही कबूल करते. कागद दुरून पाहिला तर शालूच्या काठासारखा वाटे. पण शालूचा काठ कुणी वाचायला जात नाही. मामांची पत्रं वाचावी लागत. माझं लग्नच मुळी अशा एका पत्रामुळे झालं. मी अलिबागची. मामा तेव्हा तिथेच कचेरीत, म्हणून सासूबाईंनी त्यांना मला पाहायला पाठवलं. मी पोहे दिले, त्यांनी ते न थांबता खाल्ले, आणि घरी जाऊन बहिणीला एक ओळ लिहिली: मुलगीपसंतनाहीम्हणतायेतनाही. सासूबाई लहानपणी भावाकडूनच मोडी शिकलेल्या. त्यांनी वाचलं, "मुलगी 'पसंत नाही' म्हणता येत नाही," म्हणजे बरी दिसते. आणि साखरपुड्याची तयारी सुरू केली. पुढे एकदा माझ्या मनात आलं, की मध्ये कुठे थांबायचं ते मामांनी सांगितलंच नव्हतं. "मुलगी पसंत नाही. म्हणता येत नाही," म्हणजे तोंडावर सांगायची सोय नाही, असंही असेल! मी सरळ विचारलं. मामांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "जे लिहिलं होतं ते बरोबर होतं."

कापडाच्या दुकानाचा किस्सा तर बाजारात सगळ्यांना माहीत होता. तिथले एक मुसलमान कापडवाले मामांचे जुने स्नेही. त्यांनी दुकानाला नवी पाटी करायला घेतली, आणि रंगाऱ्याला हाताशी धरून मामांनी ती मोडीत लिहून घेतली. महिनाभरानं ते गृहस्थ अदबीनं आमच्या ओट्यावर येऊन बसले. "मामासाहेब, बोर्ड माशाल्ला खूबसूरत झालाय. पण गिऱ्हाईक बाहेर उभं राहून विचारतं, हा दवाखाना आहे का?" मामा शांतपणे म्हणाले, "आजारी माणसालाच तसं वाटेल." आठवड्यात ती पाटी उतरली. मामांनी त्या दुकानातून पुढे धोतरजोडी घेतली नाही, पण रोज सकाळी त्याच दुकानाच्या पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचायचं काही सोडलं नाही. वर्तमानपत्र अर्थातच बाळबोधीत असे. "वाचायला हरकत नाही," म्हणत. "लिहायचं नाही."

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत होते. वरून कळवण्यात आलं, की आता मोडी शिकवायची गरज नाही, बाळबोध पुरे. मी मनातून खूश झाले आणि घरी येऊन सांगायची चूक केली. मामांनी हातातली बशी खाली ठेवली. चहा शिल्लक असताना बशी खाली ठेवलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

"सूनबाई, म्हणजे तुम्ही आता मुलींना लिहायला शिकवणारच नाही. अक्षरं नुसती कवायतीला उभी करणार."

"मामा, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी कोनहून, कामोठ्याहून चालत येतात," मी म्हटलं. "चौथी झाली की बाप घरी बसवतो, नाहीतर मिठागरावर पाठवतो. शाळेची चार वर्षं मिळतात त्यांना. त्यात एक लिपी हाताला लागली तरी मी देवाला नारळ फोडते. दोन-दोन कुठून शिकवू?"

"आणि त्यांच्या आज्यापणज्यांचे कागद घरात आहेत, ते कोण वाचणार? तुम्ही?"

मला मोडी धड येत नव्हती, वर्गात मी नुसता कित्ता गिरवून घेत असे, आणि खरं सांगायचं तर तोच माझ्या आनंदातला मोठा भाग होता.

मामांनी मुख्याध्यापकांना अकरा पानी अर्ज दिला. मोडीत. आमचे मुख्याध्यापक म्हणजे अत्यंत सरळ माणूस. अर्ज त्यांना वाचता येईना, आणि न वाचता नामंजूर करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून त्यांनी पेचातून सुटायला मामांना दर शनिवारी एक तास देऊन टाकला. पहिल्या शनिवारी मामा पांढराशुभ्र कोट घालून आले, खडू हातात घेतला, फळ्याच्या डाव्या कडेपासून रेघ ओढली आणि लिहायला लागले. मुली माना वळवत होत्या. फळा संपला. मामा संपले नाहीत. हात उचलायचा नाही हे तत्त्व असल्यामुळे खडू फळ्याच्या चौकटीवरून भिंतीवर गेला, भिंतीवरून खिडकीपर्यंत पोचला, आणि खिडकी उघडी होती म्हणून थांबला. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. मामांना वाटलं, मोडी आवडली. त्या दिवशी त्यांनी मला घरी येऊन सांगितलं, "तुमच्या मुलींना गती आहे." शिपायानं सोमवारी भिंतीला चुना दिला.

असे पाच-सहा शनिवार गेले. मुलींना मोडीतली अक्षरं येईनात, उलट बाळबोधीतली होती तीही एकमेकींचे हात धरून पळू लागली. मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि तास बंद करा म्हणून सांगितलं. हो, मीच सांगितलं. मामांना कळल्यावर त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर आव्हान दिलं, "तुमची कुठलीही मुलगी बसवा. एकच मजकूर सांगा. ती बाळबोधीत लिहील, मी मोडीत लिहितो. कोण आधी लिहितं ते होऊन जाऊ द्या."

मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं, "लिहून झाल्यावर वाचूनही दाखवायचं ना?"

"अर्थात!" मामा म्हणाले. त्यांना त्यात काही धोका दिसला नाही.

मुलगी मी निवडली. कोन गावची हौशी, एका शेतकऱ्याची मुलगी. वर्गात सगळ्यांत सावकाश लिहिणारी, जीभ बाहेर काढून एकेक अक्षर घडवणारी. पण तिचं अक्षर आंधळ्याला चाचपून कळेल इतकं स्वच्छ. मामांची मोडी वाचायची सवय असलेलं पनवेलात माणूस एकच, म्हणून सासूबाईंना शाळेत बोलावलं. त्या नऊवारी नेसून, भावाच्या विजयासाठी पेढे घेऊन आल्या.

मुख्याध्यापकांनी मजकूर मुद्दाम रोजच्या उपयोगाचा घेतला होता: सर्व पालकांस कळविण्यात येते की मुलांस देवीची लस उन्हाळ्यापूर्वी टोचून घ्यावी, आणि पुढे कुठे यायचं, केव्हा यायचं, अशा पंधरा ओळी. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मामांचा टाक सुटला. काय तो हात चालत होता! मी विरुद्ध बाजूची असूनही बघत राहिले. मुख्याध्यापकांचं वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आत कागदावर पोचत होतं. मजकूर संपला आणि त्याच क्षणी मामा टाक पुसून तपकिरीची डबी उघडते झाले. हौशी सातव्या ओळीवर होती.

"थांबा," मुख्याध्यापक म्हणाले. "आता वाचन."

सासूबाईंनी कागद हातात घेतला, अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं आणि सुरू केलं. "सर्व पालकांस कळविण्यात येते की मुलांस देवीची लसूण..." त्या थांबल्या. पुन्हा मागून आल्या. "देवीची लसूण हाळ्यापूर्वी टोचून घ्यावी." मग कागदावरून मान वर करून भावाला म्हणाल्या, "दादा, देवीची लसूण कसली रे? आणि हा हाळ्या कोण? त्याच्याआधी का टोचून घ्यायची?"

शाळा हसली. शिक्षक हसले, मुली हसल्या, पाणी भरणारी बाई घागर खाली ठेवून हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. ते आज आठवलं की बरं वाटत नाही. मामांनी बहिणीच्या हातातून कागद ओढून घेतला. "आण इकडे. तुला लिहायला शिकवलं, वाचायला शिकवायचं राहिलं." चष्मा सारखा केला. ओठ हलले. पहिली ओळ गेली, दुसरीवर ते अडखळले. मग छाती भरून घेतली आणि खडखडीत आवाजात वाचू लागले, "मेहेरबान कलेक्टरसाहेब बहादूर यांचे हुकमावरून तमाम रयतेस जाहीर करण्यात येते की..."

"मामा," मुख्याध्यापक अगदी हळू म्हणाले, "मी कलेक्टर म्हटलंच नव्हतं."

"म्हणायला हवं होतं!"

मग हौशी उभी राहिली. "बाई, माजं आर्दंच झालंय."

"झालंय तेवढं वाच."

तिनं वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द, लस, उन्हाळ्यापूर्वी, सगळं जिथल्या तिथे. सातव्या ओळीशी आली आणि म्हणाली, "म्होरलं नाय लिवलं." मग ती खाली बसायची, तर बसली नाही. मामांकडे बघत राहिली. तिला त्यांचं कौतुकच वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आजोबा, तुमी लय झपाट्यानं लिवता," ती म्हणाली. "पन तुमचं तुमाला बी वाचता नाय येत. मंग कोनासाटी लिवता?"

ह्याला कुणी हसलं नाही. मामांनी कागदाची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि निघून गेले. पेढे सासूबाईंनी तसेच परत आणले. शनिवारचा तास बंद झाला. मी जिंकले होते, आणि माझ्या म्हणण्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर मामा आमच्याकडे येत, पण बसत नसत. चहा घेत आणि जात. मोडीचं नाव काढत नसत. सासूबाई मला म्हणत, "बोलतच नाही गं तो." मी म्हणत असे, "बरंय ना, कान मोकळे झाले." पण आधण ठेवायला मी आता सासूबाईंच्या हाकेची वाट पाहत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. मामा आले, समोर बसले आणि एक कार्ड माझ्या सुपात ठेवलं. नागपूरच्या नातीचं. मोठमोठी, सुटी, गोल अक्षरं. 'ती. आजोबांस नमस्कार. तुमचे पत्र दर आठवड्याला येते. बाबांना ते वाचता येत नाही. ते सगळी पत्रे कपाटात ठेवतात. मी दुसरीत गेले. मला सुटी अक्षरे येतात. तुम्ही मला सुट्या अक्षरांत लिहा.'

मामा दर रविवारी मुलाला चार-चार पानं लिहीत, आणि मुलाचं उत्तर महिन्याकाठी एकाच ओळीचं येई, 'पत्र पावले, आनंद झाला.' आम्ही त्या मुलाला तुसडा म्हणत आलो होतो. मी कार्ड दोनदा वाचलं आणि मामांकडे बघायचं टाळलं.

"घरात पाटी आहे का?" मामांनी विचारलं.

मग रोज दुपारी, सासूबाई आडव्या झाल्या की, मामा माझ्यासमोर पाटी घेऊन बसू लागले. वाचता सगळं येत होतं. लिहिलं मात्र मुंज झाल्यापासून नव्हतं. मी मास्तरीण, मला दयामाया नव्हती. "मामा, 'क' सोडून पुढच्या अक्षरात घुसू नका. हात उचला." ते उचलत, आणि मग हात हवेतच राही.

"रेघ आधी ओढायची ना?"

"नंतर. शब्द पुरा झाला की त्याच्यावर, त्याच्यापुरती."

"त्याच्यापुरती," मामा म्हणाले आणि मान हलवली, जणू ही गोष्ट त्यांना कुणीतरी पूर्वीच सांगायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की त्यांचा हात कापतो. मोडी लिहिताना तो कधी कापताना दिसला नव्हता. इतका जोरात पळत असे, की कापायला त्याला सवडच मिळत नसावी. आता प्रत्येक अक्षरापाशी थांबायचं होतं, आणि थांबलं की ती थरथर दिसे. मामांनाही ते दिसलं. त्यांनी पाटीपेन्सिल खाली ठेवली, दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि मला विचारलं, "थांबायचं कसं असतं, सूनबाई?" मी त्यांच्या मनगटाखाली उशी सरकवली.

कार्ड लिहायला तीन आठवडे लागले. त्यात वर 'अनेक आशीर्वाद' आणि खाली पाच वाक्यं होती. पनवेलला ऊन फार आहे. तुझे पत्र दहा वेळा वाचले. माझे अक्षर चांगले नाही. वाचता आले नाही तर कळव. पुन्हा लिहीन. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी, एक ओळ चढलेली, दुसरी उतरलेली, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका. मामांनी विचारलं, "ठीक आहे?" मी आयुष्यात तपासायला आलेल्या कुठल्याही कागदावरची चूक सोडली नव्हती. म्हटलं, "ठीक आहे." ते स्वतः उन्हातून पोस्टात जाऊन कार्ड टाकून आले.

आठव्या दिवशी उत्तर आलं. मामा ते हातात धरून आळीत, बाजारात, त्या कापडाच्या दुकानात, सगळीकडे हिंडले आणि शेवटी माझ्याकडे आले. 'आजोबा, तुमचे पत्र मी सगळे वाचले. कोणाला विचारले नाही. शाळेतल्या बाईंना दाखवले. बाई म्हणाल्या, आजोबांना श नीट काढायला सांग.'

"काय म्हणतात तुमच्या नागपूरच्या भगिनी!" मामा म्हणाले. "श नीट काढायला सांग म्हणे." पण चेहरा असा, की कलेक्टरानं शेरा दिला असता तरी इतका उजळला नसता. मग त्यांनी पाटी मागितली, मनगटाखाली उशी घेतली आणि श काढत बसले.

रविवारची पत्रं चालू राहिली, पाच वाक्यांची, कधी सहा. त्या थंडीत मामा गेले. तेव्हा कुठे त्यांचा श जमायला लागला होता.